वेली गुलाब: कापण्याआधी वाकवायला शिका

दसरा झाला की पुण्यातल्या बागांमध्ये गुलाबांची ऑक्टोबर छाटणी सुरू होते. माझ्या पहिल्या वेली गुलाबाचीही अशीच छाटणी झाली. दोन वर्षं जपून वाढवलेल्या, कुंपणापलीकडे झुकलेल्या सात-आठ फुटी काठ्या शेजारच्या कलमी गुलाबांच्या बरोबरीने दीड फुटावर कापल्या गेल्या. कलमी गुलाब डिसेंबरात लदलदून फुलले आणि वेलीवर एक कळीसुद्धा आली नाही. रोपात काहीच दोष नव्हता. ज्या काठ्यांवर फुलं यायची, त्या काठ्याच आम्ही बागेबाहेर टाकल्या होत्या.

आपल्याकडे वेली गुलाबाबद्दलच्या तक्रारी पुष्कळदा इथूनच सुरू होतात. ‘नुसता वाढतो, फुलत नाही’ असं म्हणून लोक तो उपटून टाकतात. खरं तर जुन्या वेली गुलाबांइतकं देणारं दुसरं गुलाबाचं झाड नाही. त्याला वाढवायची रीत झुडपी गुलाबाहून निराळी आहे, आणि ती एकदा हाताला बसली की वीस-पंचवीस वर्षांची सोबत होते. पुढचं सगळं मी दख्खनच्या हवेचा विचार करून लिहिते आहे: पुणे, नाशिक, सातारा, संभाजीनगर, कोल्हापूर. कोकणासाठी जिथे वेगळं करायचं, तिथे तसं सांगितलं आहे.

वेल म्हणजे नेमकी कोणती

आपण सरसकट ‘वेली गुलाब’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या स्वभावाची झाडं असतात. पहिला क्लाइंबर. याच्या काठ्या जाड, ताठ, फुलं मोठी, आणि वर्षातून अनेकदा बहर. दुसरा रॅम्बलर. याच्या काठ्या लांब, लवचीक, वेताच्या छडीसारख्या. फुलं लहान पण घोसांनी. आणि जुन्या जातींमध्ये बहर बहुधा वर्षातून एकदाच. रॅम्बलर बुंध्यातून दरवर्षी नव्या काठ्या सोडतो आणि आदल्या वर्षी वाढलेल्या काठीवर फुलतो. छाटणीची वेळ या एका फरकावर ठरते, म्हणून रोप आणताना आधी हेच विचारा. सांगणाऱ्याला ठाऊक नसेल तर स्वतः पाहा: पेन्सिलीएवढी जाड काठी हाताने सहज वळली आणि पानं बारीक, सात-नऊ पर्णिकांची (एकाच देठावरच्या छोट्या पानांची) असली, तर रॅम्बलर असण्याची शक्यता जास्त.

दोघांपैकी एकही खऱ्या अर्थाने वेल नाही. काकडीला असतात तसे तणावे गुलाबाला नसतात. रानात तो आकड्यासारख्या काट्यांनी दुसऱ्या झाडात अडकत वर जातो. घरच्या भिंतीवर अडकायला काही नसतं, म्हणून बांधणं हे आपलं काम.

जात निवडताना

इंग्रजी पुस्तकांतली चित्रं पाहून आपण भुलतो. तिथल्या घरांवर ओसंडणारे गुलाबी-लाल रॅम्बलर बहुतेक जपान-चीनकडच्या रानगुलाबांपासून झालेले, थंडीत विश्रांती घेणारे आहेत. १९०१ सालचा ‘डोरोथी पर्किन्स’ हे त्यांचं नामांकित उदाहरण. दख्खनच्या सौम्य हिवाळ्यात ही मंडळी पानं वाढवतात आणि फुलायला कुचराई करतात. वर पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, पडते ती वेगळीच. पाचगणीसारख्या ठिकाणी त्यांना संधी द्यावी. सपाटीवर मी त्यांच्यावर जागा खर्च करणार नाही.

आपल्या हवेचे जुने वेली गुलाब वेगळे आहेत. चिनी गुलाब, टी गुलाब आणि नॉइझेट या घराण्यांतले. नॉइझेटची गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन इथे जॉन चॅम्पनीज या भातशेतीच्या मालकाकडे मस्क गुलाब आणि ‘ओल्ड ब्लश’ हा चिनी गुलाब यांच्या संकरातून एक घोसांनी फुलणारा वेली गुलाब आला. तिथल्याच फिलिप नॉइझेटने त्याची पुढची पिढी पॅरिसला आपल्या भावाकडे पाठवली आणि फ्रेंच बागवानांनी त्यावर पुढे अनेक वर्षं काम केलं. ज्या चिनी गुलाबांमुळे युरोपातल्या गुलाबांना बारमाही बहर मिळाला, त्यांतले काही कलकत्त्यामार्गे तिकडे गेले होते, म्हणून फ्रान्समध्ये त्यांना ‘बंगाल गुलाब’ म्हणत. ऊब या घराण्याच्या रक्तातच आहे.

‘मारेशाल नील’ हा १८६४ सालचा पिवळा, चहाच्या वासाचा नॉइझेट. इंग्लंडात कडाक्याच्या थंडीमुळे त्याला काचघरात ठेवावं लागे. आपल्याकडे तो उघड्यावर राहतो. त्याच्या फुलाचा देठ नाजूक असल्याने फूल मान खाली घालतं. म्हणून त्याला उंच कमानीवरच चढवा, म्हणजे खालून चालताना फूल आपल्याकडे पाहतं. ‘लामार्क’ (१८३०) पांढरा, मधोमध लिंबाची झाक. ‘रेव्ह द’ऑर’ (१८६९) जर्द पिवळसर, आणि नवशिक्याने पहिला लावावा असा. लहान फुलांचा ‘क्लाइंबिंग सेसिल ब्रुनर’ (१८९४): अंगठ्याच्या पेराएवढ्या फिक्या गुलाबी कळ्या, वेणीत माळाव्यात इतक्या नेटक्या. मात्र हा मांडवभर पसरतो. ‘मर्मेड’ (१९१८) पाच पाकळ्यांचा, मोठा, पिवळा आणि अत्यंत काटेरी. तो मुलांच्या वाटेवर नको. काटेच नकोत तर ‘झेफिरीन द्रूआँ’ (१८६८) जवळजवळ बिनकाट्याचा आहे, पण पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी हैराण होतो. कोरड्या हवेतल्यांनीच त्याच्या वाट्याला जावं. १९३० सालचा ‘न्यू डॉन’ तसा अलीकडचा, तरी त्याचा उल्लेख हवा: एकदाच फुलणाऱ्या ‘डॉक्टर व्हॅन फ्लीट’च्या एका झाडावर पुन्हा पुन्हा फुलणारी फांदी निघाली, ती हीच. अमेरिकेत वनस्पतीला दिलेलं पहिलं पेटंट, १९३१ साली, याच गुलाबाचं.

रोपवाटिकेत ही नावं विचारून ठेवा, पण पाटीवर नुसतं ‘वेली, पांढरा’ लिहिलेलं असलं तरी निराश होऊ नका. जुन्या वाड्याच्या, बंगल्याच्या फाटकावर वर्षानुवर्षं बिनबोभाट फुलणारा गुलाब दिसला तर मालकांना भेटून दोन काड्या मागा. तुमच्या गावची माती, पाऊस, उन्हाळा त्याने आधीच सोसून दाखवलेला असतो. मला कॅटलॉगपेक्षा अशा झाडावर जास्त भरवसा वाटतो.

आधी तार, मग रोप

रोप लावून मग आधाराचं बघू, असं करू नका. काठ्या वाढल्यावर काट्यांतून हात घालून खिळे ठोकणं फार जड जातं आणि काठ्या मोडतात.

जागा पूर्वेची सर्वात चांगली. सकाळचं ऊन पानांवरचं दव लवकर वाळवतं, म्हणजे बुरशीला वेळ मिळत नाही. आणि दुपारच्या तापातून झाड सुटतं. पाच-सहा तास ऊन हवंच. पश्चिमेची सिमेंटची भिंत एप्रिल-मे महिन्यांत तव्यासारखी तापते, तिथे काठ्या भाजतात. दुसरी जागाच नसेल तर भिंतीऐवजी तिच्यापासून दोन-तीन फुटांवर स्वतंत्र जाळी उभी करा.

भिंतीवर आडव्या तारा लावाव्यात. बारा गेजची जस्ताचा मुलामा दिलेली तार घ्या. पहिली तार जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या सव्वा-सव्वा फुटावर, सहा-सात फुटांपर्यंत. डोळ्याच्या हुकात तार अशी ओवा की भिंत आणि तार यांत तीन-चार इंच मोकळी जागा राहील. या फटीतून वारा खेळतो. भिंतीला चिकटलेल्या काठीवर लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आणि भुरी हमखास येतात. काठी तारेच्या पुढून बांधायची, मागून ओवायची नाही. मागे ओवलेली काठी तीन वर्षांनी तारेत रुतून बसते आणि काढता येत नाही.

कमान करायची तर बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो. दीड इंची लोखंडी पाइपाची, रंग दिलेली, सात फूट उंच आणि चार फूट रुंद कमान एकदाच करून घ्या, आणि पाय दीड फूट काँक्रीटमध्ये गाडा. पावसात भिजलेल्या, भरलेल्या वेलीचं वजन आणि वळवाचा वारा यांचा अंदाज माणसाला आधी येत नाही.

खड्डा आणि लागवड

दख्खनमध्ये लागवड जून-जुलैत किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळा संपू द्या. तिथल्या पावसात नवं मूळ सडतं.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. भिंतीपासून दीड फूट दूर. भिंतीच्या पायात बांधकामाचा चुना-सिमेंट पडलेलं असतं आणि पावसाचं पाणीही पोचत नाही, म्हणून हे अंतर पाळा. दोन वेलींत सात-आठ फूट, रॅम्बलर असेल तर दहा. खड्ड्यात पाणी ओतून पाहा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर खाली खोदण्याऐवजी वर एक फुटाचा वाफा बांधा. काळ्या चिकट मातीत मी हेच करते.

भरताना निम्मी पोयट्याची किंवा लाल माती, एक तृतीयांश पूर्ण कुजलेलं शेणखत, उरलेली जाडसर वाळू. त्यात अर्धा किलो निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. शेणखताला वास येत असेल किंवा ते हाताला गरम लागत असेल तर थांबा. कच्च्या खताने मूळ जळतं आणि मुळं खाणारी हुमणीची अळीही येते. खड्डा भरून, पाणी देऊन आठवडाभर बसू द्या आणि मग रोप लावा. कलमी रोप असेल तर डोळा (फांदीवरचा फुटवा येणारा कोंब) भरलेला जोड मातीच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. रोप भिंतीकडे थोडं कललेलं लावा.

गच्चीवर लावायचं तर कुंडी चालणार नाही. निदान पन्नास लिटरचं, तळाला भोकं पाडलेलं पिंप लागेल, आणि जात ‘सेसिल ब्रुनर’सारखी दांडगी नको.

पहिली दोन वर्षं कात्री बाजूला

पहिल्या वर्षी वेल वर फारशी वाढत नाही. तिचं काम खाली चाललेलं असतं. या काळात वाळलेली, मोडलेली काडी सोडून काहीही कापू नका. नावात ‘क्लाइंबिंग’ असलेल्या जातींत, म्हणजे झुडपी गुलाबाच्या फांदीवर अचानक निघालेल्या वेली रूपांत, आणखी एक धोका असतो: सुरुवातीला खोल छाटलं तर झाड पुन्हा झुडूपच होऊन बसतं.

मग करायचं काय? वाकवायचं. या लेखातलं एवढंच एक काम तुम्ही नीट केलंत तरी फुलं येतील.

काठी सरळ उभी असते तेव्हा तिच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. म्हणून आठ फुटी उभ्या काठीला फक्त टोकाशी दोन-तीन फुलं दिसतात, तीही शेजाऱ्यांच्या गच्चीवरून. तीच काठी आडवी केली की शेंड्याचा हा वरचष्मा मोडतो. काठीभर डोळे फुटतात, प्रत्येक पेरातून वीतभर उभी फांदी निघते आणि तिच्या टोकावर कळी धरते. एकाच काठीवर पंधरा-वीस फांद्या फुललेल्या मी मोजल्या आहेत.

वाकवण्याला मुहूर्त आहे. पावसाळ्यात वाढलेल्या काठ्या सप्टेंबरपर्यंत लवचीक असतात; त्यानंतर लाकूड धरतात. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या. काठी एका हाताने बुंध्याशी धरा, कारण ती तिथेच चिरते, आणि दुसऱ्या हाताने हळूहळू खाली आणा. एका दिवसात आडवी करण्याचा हट्ट धरू नका. आज तिरपी बांधा, चार दिवसांनी आणखी खाली, दहाव्या दिवशी तारेवर. कुरकुर आवाज आला की तिथेच थांबा. चार ते सहा मुख्य काठ्या निवडून जपानी पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरा. मधली जागा रिकामी दिसली तरी चालेल, ती फांद्यांनी भरेल. कमानीवर किंवा खांबावर आडवं बांधता येत नाही. तिथे काठी खांबाभोवती पिळासारखी गुंडाळत न्या. तिरक्या वळणानेही तेच साधतं.

बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा काथ्या वापरा. तार आणि नायलॉनची दोरी साल कापतात. एक फासा तारेभोवती घट्ट, दुसरा काठीभोवती सैल, मध्ये पीळ. सैल फाशात करंगळी गेली पाहिजे. दर पावसाळ्याआधी सगळ्या गाठी तपासा.

छाटणी

तिसऱ्या वर्षापासून कात्री हातात घ्या. क्लाइंबरची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण थांबल्यावर. मुख्य काठ्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावरच्या फुलून गेलेल्या आडफांद्या तेवढ्या दोन-तीन डोळे ठेवून आखूड करायच्या. वाळलेलं, आत वळलेलं, एकमेकांवर घासणारं काढायचं. बुंध्यातून नवी जोमदार काठी आली असेल तर तिच्या बदल्यात सर्वात जुनी, राखाडी सालीची एक काठी मुळाशी कापायची. वर्षाला एकच. नॉइझेट आणि टी घराण्याला खोल छाटणी मानवत नाही. त्यांची साठवण जुन्या लाकडात असते. छाटणीनंतर सात-आठ आठवड्यांत, साधारण डिसेंबरात, पहिला मोठा बहर येतो. फुलं सुकली की घोसाखालच्या पहिल्या भरदार पानाशी कापत गेलात तर मार्चपर्यंत लाटा येत राहतात.

एकदाच फुलणाऱ्या रॅम्बलरला ऑक्टोबरमध्ये हात लावू नका. तो गेल्या पावसाळ्यातल्या काठ्यांवर वसंतात फुलतो. फुलून गेल्यावर सुकलेले घोस काढा, पण काठ्या उन्हाळाभर ठेवा. त्यांची सावली बुंध्याला लागते. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर फुलून गेलेल्या काठ्यांपैकी जुन्या काठ्या मुळाशी कापा आणि नव्यांना जागा द्या. बँक्सिया हा पिवळा किंवा पांढरा, जवळजवळ बिनकाट्याचा गुलाब याला अपवाद. तो दोन-तीन वर्षं जुन्या डहाळ्यांवर फुलतो, म्हणून त्याचं फक्त मेलेलं लाकूड काढा.

जाड काठी कापली की जखमेवर बोर्डो मलम लावा, नाहीतर तिथून शेंडेमर, म्हणजे टोकाकडून काठी वाळत जाण्याचा रोग, खाली उतरतो. हे मलम करायला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. उरलेलं साठवून ठेवता येत नाही.

बुंध्याशी येणाऱ्या फुटव्यांबद्दल एक गैरसमज आहे: ‘सात पानं दिसली की जंगली, उपटा.’ झुडपी गुलाबात हा ठोकताळा बऱ्याचदा चालतो. वेलींमध्ये तो घात करतो, कारण रॅम्बलरची स्वतःचीच पानं सात-नऊ पर्णिकांची असतात. माती बाजूला करून फुटवा कुठून आला ते पाहा. जोडाच्या खालून, खुंटातून (ज्या रानगुलाबावर कलम बांधलं त्यातून) आला असेल तरच काढा, आणि कापण्याऐवजी खाली ओढून मुळापासून तोडा.

पाणी, खत, रोग

पहिल्या वर्षी दोन-तीन दिवसांआड पाणी. पुढे हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा, मे महिन्यात एक दिवसाआड, पण प्रत्येक वेळी भरपूर. पाणी सकाळी आणि आळ्यातच द्या. वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं तीन इंच आच्छादन ठेवा, बुंध्याला चिकटू न देता. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि छाटणीनंतर, दोन-तीन पाट्या शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर मातीत चुनखडी जास्त असून झाडाला लोह मिळत नाही; चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येणारं लोह) द्या आणि सेंद्रिय खत वाढवा.

पावसाळ्यात काळे ठिपके येतातच. गळलेली पानं रोज उचलून बागेबाहेर टाका, याचा फवारणीपेक्षा जास्त उपयोग होतो. फारच वाढले तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम. थंडीतल्या भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. पण कडक उन्हात नको, आणि निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळी दिसली की लाल कोळी. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा. मे महिन्यात वेल मरगळलेली दिसते तेव्हा खत ओतू नका, ती विश्रांती घेते आहे.

एकाची दोन

जुने वेली गुलाब वाढवायची सर्वात सोपी रीत म्हणजे दाबकलम. जुलैत बुंध्याजवळची लांब, लवचीक काठी जमिनीपर्यंत वाकवा. टोकापासून दीड फूट अलीकडे, डोळ्याच्या खाली, दीड इंच लांबीचा तिरपा काप अर्ध्या जाडीपर्यंत द्या. काप मिटू नये म्हणून त्यात आगकाडी ठेवा. तो भाग तीन इंच खोल चरात घालून वर ओली माती आणि दगड, शेंडा बाहेर आणि आधाराच्या बांबूला उभा बांधलेला. पावसाळाभर तिथलं तण काढत राहा. दिवाळीच्या सुमारास शेंड्याला नवी पालवी दिसली आणि हलकेच ओढून पाहिल्यावर काठी जागची हलली नाही, की मुळं धरली. आईकडच्या बाजूने कापा, पण लगेच उपटू नका. महिनाभर तिथेच स्वतःच्या पायांवर राहू द्या, मग हलवा. असं रोप स्वतःच्या मुळांवर असतं, त्यामुळे खुंटाच्या फुटव्यांची भानगडच उरत नाही.

नव्या रोपाला जातीचं नाव लिहिलेली पाटी लावा. नाव ठाऊक नसेल तर ज्या फाटकावरून काडी आणली त्या गल्लीचं नाव आणि साल लिहा, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचं एक रोप त्या फाटकवाल्यांना नेऊन द्या. त्यांची मूळ वेल कधी गेलीच तर तुमच्याकडून परत नेता येईल.